कागदाची चूक कागदानेच निघते
(लायसन चुकून निलंबित झाले तर काय करावे?)

आपल्या धर्माबाद तालुक्यात गाडीवर पोट असलेली माणसे पुष्कळ आहेत. कोणी टेम्पो चालवतो, कोणी काळीपिवळी जीप, कोणी ऑटो. मिरचीचा हंगाम आला की धर्माबादच्या बाजारात पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते. आसपासच्या गावांतून माल येतो, तसाच तेलंगणातूनही येतो. अशा दिवसांत ड्रायव्हरला जेवायला सवड नसते.

शेतकऱ्याला जशी जमीन, सुताराला जसा वाकस, तसे ड्रायव्हरला लायसन. हे लायसन बंद झाले तर गाडी उभी राहते. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. तो दर महिन्याला चालतच असतो.

ज्याने चूक केली त्याला शिक्षा झाली, तर त्याबद्दल तक्रार नाही. दारू पिऊन गाडी चालवली, मालाच्या टेम्पोत वऱ्हाड कोंबून नेले, आणि लायसन बंद झाले, तर ते योग्यच आहे. त्यात दुसऱ्यांचे जीव वाचतात. पण आपली चूक नसताना आपले लायसन बंद झाले तर? नंबर लिहिताना एक आकडा चुकला, दुसऱ्याचा गुन्हा आपल्या नावावर पडला, तर?

अशा वेळी माणूस घाबरतो. कोणी हातापाया पडतो, कोणी भांडतो, कोणी दलाल गाठतो. या तिन्ही वाटांनी चूक निघत नाही. चूक कागदावर झालेली असते, म्हणून ती कागदावरच काढावी लागते. आता तुम्हाला वाचता येते, लिहिता येते. तेव्हा हे काम तुमच्या हातचे आहे. ते कसे करायचे, ते या धड्यात पाहू.

१. आधी चार शब्द ओळखा

लायसनच्या बाबतीत चार निरनिराळ्या गोष्टी होतात. आपण मात्र सगळ्यांना एकच म्हणतो, ‘लायसन गेले.’ कोणती गोष्ट झाली हे कळल्याशिवाय उपाय कळत नाही.

मुदत संपणे : प्रत्येक लायसनवर तारीख असते. भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांचे लायसन पाच वर्षांचे असते. तारीख उलटली की ते चालत नाही. ही शिक्षा नव्हे. नूतनीकरण करून घ्यावे, म्हणजे झाले. तारीख उलटून एक वर्ष होऊ देऊ नये. एक वर्ष उलटले तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

जप्त होणे : पोलिसाने रस्त्यावर लायसन ताब्यात घेतले आणि पावती दिली, याला जप्त होणे म्हणतात. लायसन त्यांच्याकडे आहे, पण निकाल अजून व्हायचा आहे.

निलंबित होणे : ठराविक दिवसांसाठी, जसे तीन महिन्यांसाठी, लायसन बंद केले जाते. तेवढे दिवस तो माणूस गाडी चालवण्यास अपात्र असतो.

रद्द होणे : लायसन कायमचे काढून घेतले जाते.

हे शब्द हुकुमात छापलेले असतात. आधी ते शोधा. ‘निलंबित’ किंवा ‘अपात्र’ असा शब्द सापडला, तर पुढचा भाग नीट वाचा.

२. लायसन बंद करण्याचा अधिकार कोणाला?

आपल्या देशात गाड्यांचा कायदा १९८८ सालचा आहे. त्याचे नाव मोटार वाहन कायदा. २०१९ साली त्यात मोठे बदल झाले आणि दंड वाढले. या कायद्याचे कलम १९ लायसन बंद करण्याविषयी आहे. कलम १९ हा आकडा पाठ करून ठेवा.

लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याला परवाना प्राधिकारी म्हणतात. आपल्या जिल्ह्याचे कार्यालय नांदेडला आहे. त्याचे नाव प्रादेशिक परिवहन कार्यालय. लोक त्याला आरटीओ म्हणतात. आपल्याकडच्या गाडीच्या नंबरात जो २६ आकडा असतो, तो याच कार्यालयाचा.

काही गुन्ह्यांत पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. फार वेगाने गाडी चालवणे, धोक्याने चालवणे, दारू पिऊन चालवणे, मोटारसायकलवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे, असे ते गुन्हे आहेत. लायसन आरटीओकडे गेल्यावर तिथला अधिकारी आपले म्हणणे ऐकतो. मग तो एक तर आपल्याला मोकळे करतो, नाही तर कारण लिहून लायसन बंद करतो. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने.

यातल्या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. पहिली, आपले म्हणणे मांडण्याची संधी आपल्याला मिळालीच पाहिजे. दुसरी, हुकुमात कारण लिहिलेलेच पाहिजे. हे साहेबाच्या मर्जीवर नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे.

२०२२ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला. एका बाईने मोटार जास्त वेगाने चालवली म्हणून वाहतूक पोलिसांनी तिचे लायसन ९० दिवसांसाठी निलंबित केले होते. न्यायालयाने सांगितले, पोलिसांना लायसन ताब्यात घेऊन पाठवण्याचा अधिकार आहे, निलंबित करण्याचा नाही. तो अधिकार परवाना प्राधिकाऱ्याचा. तिचे लायसन परत देण्याचा हुकूम झाला.

आता पावतीविषयी. साध्या कारणाने कागद जप्त झाले, तर मिळालेल्या पावतीवर कागद परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते. पण वर सांगितलेल्या गुन्ह्यांसाठी लायसन आरटीओकडे पाठवले असेल, तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. म्हणून पावती खिशात घालण्याआधी वाचा. कोणते कलम लिहिले आहे ते विचारा.

३. चूक होते कशी?

चूक नेहमी कोणी मुद्दाम करतो असे नाही. दिवसभरात शेकडो कागद हाताखालून जातात. एखादा आकडा इकडचा तिकडे होतो.

आकड्याची चूक : आपल्या लायसनचा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, इंग्रजी लिपीत. पुढचे दोन आकडे कार्यालयाचे. पुढचे चार आकडे सालाचे. शेवटचे सात आकडे आपले स्वतःचे. यातला एक आकडा बदलला की माणूस बदलला. इंग्रजी आकड्यांतला एक घाईत लिहिला तर सातासारखा दिसतो. तीन आणि आठ यांचाही घोटाळा होतो. शिवाय आपला मराठी एक (१) इंग्रजी नवासारखा दिसतो, मराठी चार (४) इंग्रजी आठासारखा, आणि मराठी सात (७) इंग्रजी सहासारखा. म्हणून लायसनचा नंबर कुठेही लिहायचा तर कार्डावर आहे तसाच इंग्रजी आकड्यांत लिहावा. मराठी आणि इंग्रजी आकड्यांची भेसळ करू नये.

नावाची चूक : आपल्याकडे एका गावात मारोती नावाचे दहाजण निघतात. त्यांतल्या दोघांच्या वडिलांचे नावही एकच असते. नुसत्या नावावर गेले तर एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

नावाची चूक फक्त आपल्याच देशात होते असे नाही. युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. तिथे पोलंड देशातून पुष्कळ लोक कामाला आले होते. आयर्लंडच्या पोलिसांच्या दप्तरात एका पोलिश ड्रायव्हरचे नाव पन्नासाहून जास्त वेळा नोंदले गेले. दर वेळी पत्ता निराळा! हा माणूस सापडेना. शेवटी एका अधिकाऱ्याने चौकशी केली, तेव्हा खरे कळले. पोलिसांनी लिहून घेतलेले ‘प्रावो याझ्दी’ हे कोणाचे नावच नव्हते. पोलिश भाषेत त्याचा अर्थ ‘गाडी चालवण्याचे लायसन’. कार्डाच्या वर छापलेले शब्द पोलिसांनी नाव म्हणून उतरवले होते! २००९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली आणि जग हसले. हसण्यासारखीच आहे, पण शिकण्यासारखीही आहे. शिकलेल्या, सुधारलेल्या देशातही कागद चुकतो. तेव्हा आपल्या हातात आलेला कागद छापील आहे, म्हणून तो खराच आहे, असे धरून चालू नये.

मालकाची आणि ड्रायव्हरची गल्लत : कॅमेऱ्याने फोटो काढला की दंडाचा संदेश गाडीच्या मालकाला जातो. त्या दिवशी गाडी भाऊ चालवत असेल, पुतण्या चालवत असेल. गुन्हा गाडी चालवणाऱ्याचा असतो. गाडी कोणाच्या हातात होती ते मालकाने खरे सांगावे. तशी माहिती देणे हे कायद्याने मालकाचे कामच आहे.

नियमातली सूट न पाहणे : नांदेड हे शिखांचे मोठे क्षेत्र आहे. पगडी बांधलेल्या शीख माणसाला मोटारसायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. कायद्याच्या कलम १२९ मध्ये तशी सूट आहे. समजा, फोटोत नुसते ‘हेल्मेट नाही’ एवढेच पाहून कोणी कारवाई सुरू केली, तर ती चूक ठरेल.

मुदत संपूनही नोंद न बदलणे : तीन महिने झाले, शिक्षा भोगून झाली, पण कॉम्प्युटरमध्ये अजून ‘निलंबित’ असेच दिसते. ही पण चूकच. ती सांगितल्याशिवाय निघत नाही.

४. हुकूम कसा वाचावा?

कागद हातात आला की उगीच कोणाकडे धावत सुटू नका. शांत बसा. पाच गोष्टी शोधा आणि वहीत उतरवा.

एक : हुकूम कोणत्या कार्यालयाने काढला? धर्माबादहून बासरला गेले की तेलंगण लागते. आपल्या गाड्या निजामाबादला, हैदराबादला जातात. त्यामुळे कारवाई कोणत्या राज्यात सुरू झाली आणि हुकूम कोणी काढला, हे आधी पाहावे.

दोन : हुकूम कोणत्या तारखेचा? आणि आपल्या हातात कोणत्या तारखेला आला? पाकीट फेकू नका. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. त्या शिक्क्याची पुढे गरज पडते.

तीन : लायसनचा नंबर कोणता लिहिला आहे? आपले कार्ड शेजारी ठेवा. बोट ठेवून एकेक आकडा जुळवा. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता, तेही जुळवा.

चार : गुन्हा कोणता, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या नंबरच्या गाडीने? त्या दिवशी आपण कुठे होतो?

पाच : आपल्याला आधी नोटीस आली होती का? म्हणणे मांडायला बोलावले होते का?

कागद आला नाही, नुसते कोणी तोंडी सांगितले, तर खात्री करून घ्यावी. परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर लायसनचा नंबर आणि जन्मतारीख घातली की लायसन चालू आहे की नाही ते दिसते. घरात शाळकरी मूल असेल तर ते मोबाइलवर पाहून देईल. लायसन निलंबित दिसले, तर कार्यालयाकडे हुकुमाची नक्कल लेखी मागावी.

५. कार्यालयात कसे बोलावे?

समजा, आपल्याकडचा एक टेम्पोवाला आगगाडीने उमरी, मुदखेड करत नांदेडला गेला. त्याच्या लायसनच्या नंबरात शेवटी एक आहे. हुकुमात सात पडला आहे. तो खिडकीपाशी उभा राहिला.

पहिली तऱ्हा अशी :

“साहेब, म्या काय बी केलं न्हाई. लेकरं उपाशी मरतील साहेब. कायतरी करा.”

“अहो, सगळे असंच म्हणतात. बाजूला व्हा. पुढचा कोण?”

दुसरी तऱ्हा अशी :

“नमस्कार साहेब. हा हुकूम पाहा. ह्यातला शेवटचा आकडा सात हाय. माझ्या कार्डावर एक हाय. हा नंबर माझा न्हाई. ज्या दिवशीचा गुन्हा लिहिलाय, त्या दिवशी माझा टेम्पो धर्माबादच्या मोंढ्यात होता. ही काट्याची पावती. हा अर्ज आणलाय. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या.”

“दाखवा बरं कार्ड. हं. आकड्यात फरक दिसतो खरा. अर्ज आवकमध्ये द्या. साहेबांपुढे ठेवतो.”

पहिल्या तऱ्हेने बोलणारा माणूस खोटा नव्हता. पण त्याच्या बोलण्यात कारकुनाला तपासण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्याच्या बोलण्यात नंबर होता, तारीख होती, कागद होता. कारकून माणूस वाईट नसतो. त्याला आकडा दाखवा, म्हणजे तो आकडा पाहील.

आवाज चढवू नये. हातही जोडत बसू नये. आपण भीक मागायला गेलो नाही. नोंद दुरुस्त करायला गेलो आहोत.

६. पुरावा कोणता न्यावा?

आपण त्या दिवशी दुसरीकडे होतो, हे नुसते सांगून भागत नाही. रोजच्या कामाचे साधे कागद अशा वेळी सोन्याच्या मोलाचे होतात :

बाजार समितीतली किंवा आडत्याची पट्टी, वजनकाट्याची पावती, डिझेलची पावती, टोलनाक्याची नोंद, गॅरेजचे बिल, दवाखान्याचा कागद, दुसऱ्याला गाडी भाड्याने दिली असेल तर त्याचे लिहिलेले.

या सगळ्यांवर तारीख असावी. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा. अर्जाला झेरॉक्स जोडा. मूळ कागद दाखवा, पण देऊ नका. मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत राहू द्या.

७. अर्जाचा नमुना

अर्ज लांबलचक नको. एका पानात बसावा. आपल्याच अक्षरात लिहिला तरी चालतो.

दिनांक : __________

प्रति,
मा. परवाना प्राधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, नांदेड.

विषय : लायसन चुकून निलंबित झाल्याबाबत.

महोदय,
मी (पूर्ण नाव), राहणार (गाव), तालुका धर्माबाद, जिल्हा नांदेड. माझ्या लायसनचा नंबर __________ आहे. माझी जन्मतारीख __________ आहे.

आपल्या कार्यालयाचा हुकूम क्रमांक __________, दिनांक __________, मला दिनांक __________ रोजी मिळाला. त्यात माझे लायसन __________ महिन्यांसाठी निलंबित केल्याचे लिहिले आहे.

हा हुकूम पुढील कारणांनी चुकीचा आहे :
१) हुकुमातील नंबर आणि माझ्या कार्डावरील नंबर जुळत नाही.
२) दिनांक __________ रोजी मी व माझी गाडी __________ येथे होतो. पुरावा जोडला आहे.
३) मला नोटीस मिळाली नाही व माझे म्हणणे ऐकले गेले नाही.

तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माझे म्हणणे ऐकून घ्यावे, हुकूम मागे घ्यावा, कॉम्प्युटरमधील नोंद दुरुस्त करावी आणि तसे मला लेखी कळवावे, ही विनंती.

सोबत : १) लायसनची प्रत २) हुकुमाची प्रत ३) पुराव्याच्या प्रती

आपला,
(सही, पूर्ण नाव, मोबाइल नंबर)

तीन कारणांपैकी जे खरे असेल तेवढेच लिहा. जे खरे नाही ते लिहू नका. एक खोटे सापडले की बाकीचे खरेही बुडते.

८. पोच घेतल्याशिवाय परतू नका

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या. दुसरीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. यालाच पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला आणि न दिला, सारखेच.

प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर अर्ज टपालाने पाठवावा. पूर्वी असे कागद रजिस्टर टपालाने पाठवत. २०२५ साली टपाल खात्याने ती सेवा स्पीड पोस्टात मिळवली. म्हणून आता स्पीड पोस्ट करावे आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी.

९. तीस दिवसांची मुदत

हा भाग दोन वेळा वाचा.

निलंबनाच्या हुकुमाविरुद्ध अपील करता येते. अपील म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागणे. अपिलाची मुदत हुकूम हातात मिळाल्यापासून तीस दिवसांची आहे.

पुष्कळजण इथेच फसतात. ते दुरुस्तीचा अर्ज देतात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. खिडकीवरचा माणूस म्हणतो, “पुढच्या आठवड्यात या.” पुढच्या आठवड्यात म्हणतो, “साहेब दौऱ्यावर आहेत.” असे करता करता तीस दिवस निघून जातात. दुरुस्तीचा अर्ज दिला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. म्हणून वीस दिवसांत उत्तर आले नाही, तर अपिलाचा कागद तयार करा.

अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचे, ते हुकुमात पाहा. तिथे नसेल तर कार्यालयात लेखी विचारा. निकाल लागेपर्यंत निलंबन थांबवावे, अशी विनंतीही अपिलात लिहा. पण ती मान्य झाल्याचा कागद हातात येईपर्यंत गाडी चालवू नका.

अर्जाचे पुढे काय झाले ते कळत नसेल, तर २००५ सालच्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. ‘माझ्या अमुक अर्जावर काय कारवाई झाली, त्या कागदांच्या प्रती द्या,’ असे नेमके विचारावे.

अपिलातही न्याय मिळाला नाही, तर उच्च न्यायालय आहे. आपल्या भागासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

वकिलाला पैसे नाहीत, म्हणून गप्प बसू नये. १९८७ सालच्या कायद्याने गरजूंना मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तो हक्क आहे. धर्माबादच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीची चौकशी करावी. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे.

१०. या तीन खड्ड्यांत पडू नका

पहिला खड्डा : “चूक त्यांची आहे, मी कशाला थांबू?” असे म्हणून गाडी चालवणे. हुकूम चुकीचा असला तरी तो मागे घेतला जाईपर्यंत हुकूमच असतो. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ प्रमाणे दहा हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग शेत विकूनही भरपाई पुरत नाही. तेवढे दिवस दुसरा लायसनवाला ड्रायव्हर गाडीवर ठेवावा. कमाई निम्मी होईल, पण हप्ता निघेल.

दुसरा खड्डा : दलाल. तो म्हणतो, “कशाला अर्जफाटे करता? पाच-दहा हजार द्या, पलीकडून तेलंगणातून नवीन लायसन काढून देतो.” हे ऐकू नका. एका माणसाला एका वेळी एकच लायसन ठेवता येते. निलंबन लपवून दुसरे काढणे हा वेगळाच गुन्हा आहे. लायसन साऱ्या भारतात चालते, तसे त्याचे निलंबनही साऱ्या भारतात लागू असते. सीमा ओलांडली म्हणून ते मागे राहत नाही. आज जो निरपराध आहे, तो दलालाच्या नादी लागून उद्या खरोखर गुन्हेगार होतो.

तिसरा खड्डा : मोबाइलवरचे खोटे संदेश. ‘तुमचे लायसन बंद होणार आहे, खालच्या ठिकाणी दाबा,’ असा संदेश येतो. दाबले की मोबाइलमध्ये चोर शिरतो आणि बँकेतले पैसे जातात. व्हॉट्सअपवर आलेली फाईल उघडू नये. ओटीपी कोणाला सांगू नये. खरा दंड आणि खरे निलंबन सरकारी संकेतस्थळावर दिसते. तिथेच पाहावे.

११. चूक होण्याआधीच काय करावे?

लायसनवरचा पत्ता आणि मोबाइल नंबर चालू असावा. पुष्कळांचा पत्ता जुन्या घराचा असतो आणि मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो. मग नोटीस भलत्याच दारी जाते. आपल्याला कळत नाही, आणि कार्यालय म्हणते, ‘हा माणूस आलाच नाही.’

लायसनची एक प्रत घरी ठेवा. मोबाइलमध्ये डिजिलॉकरमध्येही ठेवता येते. तिथले लायसन रस्त्यावर दाखवले तरी चालते.

गाडीत एक वही ठेवा. रोज एक ओळ लिहा : तारीख, कुठून कुठे, गाडी कोणी चालवली. एक ओळ लिहायला एक मिनिट लागते. वर्षाने कोणी विचारले, तर ती वही साक्ष देईल.

आपल्या भागात निजामाच्या काळी दप्तर उर्दूत होते. कागदात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नसे. वाचणारा सांगेल ते खरे मानावे लागे. १९४८ साली ते राज्य गेले. आता हुकूम आपल्या भाषेत मागता येतो, आपल्या भाषेत अर्ज करता येतो. हा हक्क वापरणाऱ्याचाच असतो. न वापरणाऱ्याला तो असून नसल्यासारखा.

लक्षात ठेवा

१. आधी हुकूम वाचा, मग चाला.
२. नंबर बोट ठेवून जुळवा.
३. तोंडी नको, लेखी द्या. पोच घ्या.
४. अपिलाची मुदत तीस दिवस.
५. लेखी सुटका होईपर्यंत गाडी चालवू नका.

कठीण शब्द

निलंबित : काही दिवसांसाठी बंद केलेले.
अपात्र : ज्याला हक्क नाही असा.
परवाना प्राधिकारी : लायसन देणारा व बंद करणारा अधिकारी.
पोच : कागद मिळाल्याची खूण.
अपील : वरच्या अधिकाऱ्याकडे मागितलेली दाद.

प्रश्न

१. जप्त होणे आणि निलंबित होणे यांत काय फरक आहे?
२. लायसन निलंबित करण्याचा अधिकार कोणाला आहे?
३. टेम्पोवाल्याच्या दुसऱ्या तऱ्हेच्या बोलण्यात कोणत्या तीन गोष्टी होत्या?
४. पाकीट का जपून ठेवावे?
५. दलालाकडून दुसरे लायसन का काढू नये?

करून पाहा

घरात ज्याचे लायसन असेल त्याचे कार्ड मागून घ्या. त्यावरचा नंबर, नाव, जन्मतारीख, पत्ता आणि मुदतीची तारीख वहीत उतरवा. काही चुकलेले आढळले तर वरच्या नमुन्याप्रमाणे दुरुस्तीचा अर्ज लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.